वयस्कर गिनीपिगला पेलेट्स कुठले द्यायचे? आधी दाढा बघा, मग पाकीट

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. त्यांच्याकडे भुरी आणि चिंगी अशा दोन बहिणी आहेत, दोघी साडेपाच वर्षांच्या. भुरीचं वजन दीड महिन्यात ९८० ग्रॅमवरून ८६० वर आलंय, पेलेट (म्हणजे गवत-धान्य दाबून केलेला कोरडा दाणा) तोंडात घेते, दोनदा चावते आणि टाकून देते, काकडी मात्र खाते. चिंगी १२५० ग्रॅमची, अगदी गोल झालीये आणि तिच्या खालच्या कापडावर पांढरे डाग दिसतात. आत्तापर्यंत त्या दुकानातून सुटं मिक्स आणायच्या, म्हणजे ते रंगीत दाणे, मका, सूर्यफुलाच्या बिया असलेलं, आणि आता दुकानदार म्हणतो वय झालं ना, मग सीनियरवाले पेलेट्स द्या. तर ते सीनियर नेमके कुठले घ्यायचे?

ताई, मी प्राण्यांची डॉक्टर आहे, नवी मुंबईतच प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे कुत्र्या-मांजरांपेक्षा ससे आणि गिनीपिग जास्त येतात, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. उत्तर लांब होणार आहे. पण एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. भुरीचे पेलेट्स आत्ता बदलू नका, तिच्या दाढा याच आठवड्यात दाखवून घ्या. १२० ग्रॅम म्हणजे ऐकायला काहीच वाटत नाही, पण तिच्या मूळ वजनाच्या बारा टक्के गेलेत, आणि दहा टक्क्यांच्या वर गेलं की मी खाणं बदलून बघत बसत नाही, तपासते.

कारण असं की गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात, सगळेच्या सगळे, पुढचे चार आणि मागच्या सोळा दाढा. मागच्या दाढा आपल्याला घरी दिसत नाहीत, तोंड इवलंसं असतं आणि गाल आत वळलेले असतात. खालच्या दाढा नीट झिजल्या नाहीत की त्या आतल्या बाजूला जिभेवर झुकायला लागतात, वाढत वाढत दोन्हीकडून जिभेवर कमान तयार होते आणि जीभ खाली अडकते. मग प्राण्याला भूक असते, ताटलीकडे धावत येतो, तोंडात घेतो, पण घास मागे ढकलता येत नाही म्हणून टाकतो. तुम्ही भुरीचं जे वर्णन केलंय ते याच्याशी खूप जुळतंय. हनुवटी ओली राहते का बघा, खाताना मान वाकडी करते का, गवताच्या लांब काड्या सोडून नुसती पानं निवडते का. आणि कुणी सांगितलं की पुढचे दात कापून घ्या तर नको, नेलकटरने दात उभा चिरतो आणि दुखणं मागे असतं ते तसंच राहतं. डॉक्टरांना फोन करताना सरळ विचारा, गिनीपिग बघता का, दाढा बघायला स्कोप, म्हणजे तोंडात घालून बघायची नळी, आहे का, एक्स-रे होईल का. हो म्हणाले तरच जा. उन्हाच्या वेळी नेऊ नका, यांना २७-२८ डिग्रीच्या वर त्रास व्हायला लागतो, त्यामुळे सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर, खोक्यात टॉवेल आणि थोडं गवत घालून.

आता सीनियर या शब्दाबद्दल. गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतात, चार-पाचच्या पुढे वयस्कर म्हणायला हरकत नाही. पण वयस्कर गिनीपिगला अमुक टक्के प्रोटीन आणि तमुक टक्के कॅल्शियम लागतं असं ठरवून दिलेलं काही प्रमाण नाहीये. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९५ मध्ये गिनीपिगच्या आहाराचे जे आकडे दिले ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या वाढत्या पिल्लांसाठी आहेत, म्हाताऱ्यांसाठी नाहीत. त्यामुळे पाकिटावर सीनियर लिहिलं असेल तर तो कंपनीचा अंदाज असतो, तो चांगला असू शकतो, पण त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देण्याआधी पाकीट उलटं करून मागचं वाचा. आणि एक फार महत्त्वाचं, सशांसाठी वयस्कर म्हणून वेगळे पेलेट्स मिळतात, दुकानात तेच गिनीपिगलाही चालतात म्हणून देतात. चालत नाहीत. सशाचं शरीर व्हिटॅमिन सी स्वतः बनवतं म्हणून त्याच्या पेलेट्समध्ये ते घालत नाहीत, गिनीपिगला ते बनवता येत नाही, आपल्यासारखंच रोज खाण्यातून मिळावं लागतं.

यावरून तुमच्या त्या सुट्या मिक्सचं बोलते. १९०७ मध्ये नॉर्वेत अक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला आणि त्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे सी कमी पडल्याने होणारा आजार, खलाशांना व्हायचा तोच. म्हणजे धान्यावर ठेवलेला गिनीपिग आजारी पडतो हे शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे आणि तरी आपल्याकडे मका-बिया-रंगीत दाणे गिनीपिग फूड म्हणून विकले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मिक्समध्ये अजून एक होतं, प्राणी गोड आणि तेलकट दाणे निवडून खातो आणि हिरवे पेलेट्स तळाला तसेच राहतात, आपण रिकामी नाही तरी अर्धी वाटी बघतो आणि खाल्लं म्हणतो. सूर्यफुलाच्या बियांची सालं घशात अडकू शकतात, वय झालेल्या आणि दाढा दुखणाऱ्या प्राण्याला तर जास्तच. हे मिक्स बंद करा, पण उद्याच्या उद्या नको, ते पुढे सांगते.

पाकिटावर काय बघायचं? पहिला घटक. टिमोथी किंवा दुसरं कुठलं गवत पहिलं लिहिलेलं असलं पाहिजे. मका, गहू, सोया किंवा नुसतं धान्याचा कोंडा पहिला असेल तर ठेवून द्या. अल्फाल्फा पहिलं असेल तर ते पिल्लांसाठी आणि गाभण माद्यांसाठी, मोठ्यांना नाही. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, देवळाबाहेर गायीला घालायला जो घास मिळतो तो बऱ्याचदा हाच असतो, त्यात कॅल्शियम टिमोथीच्या दुप्पट-तिप्पट असतं. ऑक्सबो या कंपनीचंच बघा ना, पिल्लांचं पाकीट अल्फाल्फाचं आणि मोठ्यांचं टिमोथीचं, दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि घाईत भलतंच उचललं जातं. मग आकडे. फायबर निदान १८-२० टक्के हवं, २५ च्या आसपास असेल तर फार छान, प्रोटीन १४ ते १६, कॅल्शियम ०.६ च्या जवळपास, फॅट तीन-चारच्या वर नको. मोलॅसिस, मध, वाळवलेली फळं, रंग, यातलं काहीही असेल तर नको.

व्हिटॅमिन सी लिहिलेलं असतंच, पण ते कुठल्या रूपात घातलंय ते वाचा. नुसतं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असेल तर ते उष्णता, ओल आणि उजेडाने लवकर उडतं, साधारण बनवल्यापासून तीन महिन्यांत त्याचा बराचसा भाग गेलेला असतो. अ‍ॅस्कॉर्बिल पॉलीफॉस्फेट किंवा मोनोफॉस्फेट लिहिलं असेल तर ते टिकाऊ रूप, ते जास्त काळ राहतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की एक्स्पायरी बघू नका, बनवल्याची तारीख बघा. बाहेरून आलेलं पाकीट कंटेनरमध्ये, मग भिवंडीच्या गोडाऊनमध्ये, मग दुकानाच्या शटरशेजारी उन्हात, असं करत आपल्यापर्यंत येतं, एक्स्पायरीला वर्ष बाकी असतं आणि सी मात्र कधीच गेलेलं असतं. सुट्या पोत्यातून तोलून देतात त्याला तर तारीखच नसते, म्हणून सुटं घेऊच नका, स्वस्त पडलं तरी.

हिशोब करून दाखवते म्हणजे लक्षात येईल. गिनीपिगला रोज किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम सी लागतं, आजारी असेल तर याहूनही जास्त. भुरीचं वजन ९०० धरलं तर रोजचे ९ ते २७. समजा पाकिटावर किलोला ५०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि ती २० ग्रॅम पेलेट्स खाते, तर मिळाले १०, तेही पाकीट ताजं असेल तर. जुनं असेल तर चार-पाच. म्हणजे पेलेट्सच्या भरवशावर राहताच येत नाही. त्यापेक्षा हिरव्या ढोबळी मिरचीचा २०-२५ ग्रॅमचा तुकडा द्या, त्यात १६ ते २० मिलिग्रॅम सहज मिळतं, आणि ती बाराही महिने कोपरीच्या नाहीतर जांभळी नाक्याच्या बाजारात मिळते. पेरूत याहून खूप जास्त असतं पण साखरही असते, तर अंगठ्याच्या नखाएवढी फोड आठवड्यातून दोनदा, बस. थोडी कोथिंबीर रोज चालते. पालक रोज नको. पाण्यात सी चे थेंब घालू नका, काही तासांत निकामी होतं, शिवाय चव बदलली म्हणून पाणीच पीत नाहीत. गोळीच द्यायची असेल तर किती तुकडा ते तुमच्या डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या, त्या चघळायच्या गोड नारिंगी गोळ्या मात्र नकोत.

वयस्कर प्राण्यात सी कमी पडलं की सांधे दुखतात, चालायला नको म्हणतो, एका जागी फुगून बसतो. आणि लोकांना वाटतं वय झालं म्हणून बसून असतो. संधिवातही असतो या वयात, दोन्ही एकत्रही असतात, पण सी ची कमतरता वेळेत भरून काढली तर प्राणी आठवड्या-दोन आठवड्यांत हिंडायला लागतो. म्हणून मी वय हे कारण सगळ्यात शेवटी धरते.

पेलेट्स विकत घेतले की एक करून बघा. स्टीलच्या वाटीत पाच-सहा पेलेट्स घ्या, बुडतील एवढं कोमट पाणी घाला आणि दहा मिनिटं ठेवा. गवताचे पेलेट्स फुगून उघडतात आणि बोटाने चिरडले की गवताचे छोटे छोटे धागे दिसतात, बोटाला खरखरीत लागतात, वास भिजलेल्या गवताचा येतो. धान्याचे असतील तर पिठाचा चिकट लगदा होतो, बोटाला चिकटून बसतो आणि पाणी दुधाळ होतं. लेबलवर काहीही छापलेलं असो, ही वाटी समोर असली की बरंच कळतं. पाकिटाच्या तळाला भुगा किती आहे तेही बघा, मूठभर भुगा असेल तर माल जुना किंवा हाताळलेला असतो.

हेच भिजवलेले पेलेट्स भुरीला उपयोगी पडतील. डॉक्टरांकडून वाढलेल्या दाढा घासून घेतल्यावरही तोंड काही दिवस दुखतं, तेव्हा तिला भिजवून द्या, सपाट ताटलीत, कडा नको म्हणजे मान वर करावी लागणार नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. आपल्याकडच्या हवेत भिजवलेलं दोन तासांच्या वर ठेवू नका, आंबतं. स्वतःहून खात नसेल तर ऑक्सबोचं क्रिटिकल केअर नावाची पावडर मिळते, पाण्यात कालवून सिरींजने द्यायची, ते डॉक्टर शिकवतील तसं. आणि हे पाठच करून ठेवा, बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नाही. यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं, थांबलं की गॅस भरतो आणि मग आमच्याही हातात फार काही राहत नाही. लेंड्या लहान झाल्या, टोकदार झाल्या किंवा माळेसारख्या येतायत, ही त्याची आधीची खूण. अजून एक, घरातली अ‍ॅमॉक्सिसिलिन कधीही देऊ नका, डॉक्टरांनी लिहून दिली तरी परत विचारा, पोटातून दिलेली पेनिसिलिन जातीची औषधं गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि जीव जाऊ शकतो.

काही जण म्हणतात की कडक पेलेट्स दिले की दात झिजतात. दाढा त्याने झिजत नाहीत. पेलेट वरून खाली दाबून फुटतो, दोन चावण्यांत संपतो. गवत खाताना जबडा मागेपुढे आणि आडवा घासला जातो, तासन् तास, त्यानेच दाढा झिजतात. ताटात डावी बाजू असते ना, पेलेट्स म्हणजे तेवढंच, जेवण म्हणजे गवत. मोठ्या प्राण्याला दिवसाला दोन मोठे चमचे पेलेट्स पुरे, साधारण २० ग्रॅम, आणि गवत हवं तितकं, चोवीस तास समोर. टिमोथी परवडत नसेल तर दूर्वा द्या. हरळीच ती, गणपतीच्या दिवसांत बाजारात ढिगाने मिळते, एरवीही देवळाजवळ फुलवाल्यांकडे मिळते, फक्त स्वच्छ धुवून, पाणी निथळवून, आणि औषध मारलेल्या सोसायटीच्या लॉनवरची नको. पेंढा मात्र गवताच्या जागी चालत नाही, त्यात पोषण फार कमी असतं, अंथरायला वापरा. वय झालेल्या प्राण्यांसाठी गवत जाळीत वर टांगू नका, जमिनीवर ठेवा, सांधे दुखत असतील तर ते मान वर करत नाहीत आणि आपल्याला वाटतं गवत आवडत नाही.

आता चिंगी. मादीचं वजन साधारण ७०० ते ९०० ग्रॅम असतं, त्यामुळे १२५० जास्तच आहे, पण ती फक्त लठ्ठ आहे असं धरून चालू नका. या वयाच्या, नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये अंडाशयात गाठी खूप कॉमन आहेत, पोट फुगतं आणि वजन वाढलेलं दिसतं. दोन्ही कुशींवर सारखेच केस गळलेत का बघा, स्तनाग्रं खरबरीत झालीत का. भुरीला नेताना चिंगीलाही न्या आणि सोनोग्राफी विचारून घ्या. नुसतीच लठ्ठ निघाली तर मिक्स बंद आणि पेलेट्स हळूहळू एका चमच्यावर, एकदम उपास नाही, लठ्ठ गिनीपिग एकदम उपाशी राहिला तर लिव्हरवर येतं.

पांढऱ्या डागांचं असं, गिनीपिगचं शरीर खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून वाळल्यावर थोडी पांढरी पावडर दिसणं नॉर्मल आहे. डागावर बोट फिरवा. टाल्कमसारखं मऊ असेल तर ठीक, वाळूसारखं कचकच लागलं किंवा टूथपेस्टसारखा घट्ट थर असेल तर मूत्राशयात गाळ जमतोय. लघवी करताना ओरडते, पाठ कमानीसारखी करते, रक्त दिसतं, मग लगेच एक्स-रे. यांचे खडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि एक्स-रेत स्वच्छ दिसतात. अल्फाल्फाचे पेलेट्स बंद करायचे ते यासाठी, आणि पाणी भरपूर जायला हवं यासाठी भाजी ओलीच ठेवून द्यायची. घोडबंदरला किंवा जिथे टँकर आणि बोअरवेलवर दिवस काढावे लागतात तिथे पाणी जड असतं, बादलीला पांढरा थर धरतो तसं, तिथे तरी मी फिल्टरचं पाणी द्यायला सांगते. पण उलट्या टोकालाही जाऊ नका, कॅल्शियम पूर्ण तोडायचं म्हणून पालेभाजीच बंद केली तर हाडांचं आणि दातांचं नुकसान होतं. शेवग्याचा पाला मात्र चिंगीला नको, तो कॅल्शियमने भरलेला असतो.

भुरीला वजन भरायला थोडा लसूणघास दिला तर चालेल का असं बरेच जण विचारतात. मी पहिल्यांदा देत नाही. आधी दाढा, मग एक्स-रेत खडा नाही हे बघून, मग गवताचेच पेलेट्स वाढवून, भिजवून तीन-साडेतीन चमच्यांपर्यंत. एवढं करूनही वजन चढलं नाही आणि लघवी स्वच्छ असेल तरच लसूणघासाची एक चिमूट, तीही थोडेच दिवस.

पेलेट्स बदलायचे ते वयस्कर प्राण्यात दोन-तीन आठवडे घेऊन बदला. गिनीपिग पिल्लू असताना जे खाल्लं तेच खाणं म्हणून ओळखतात, नवा आकार दिसला की कित्येकदा शिवतही नाहीत. पहिले चार-पाच दिवस पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. बिया आणि मका मात्र पहिल्याच दिवशी वेचून काढा. या काळात किचनच्या वजनकाट्यावर डबा ठेवून आठवड्यातून दोनदा वजन घ्या, खाण्याआधी, ठरलेल्या वेळी, आणि कॅलेंडरवर लिहा. ५० ग्रॅम घटले तर बदल तिथेच थांबवा आणि फोन करा.

साठवणीत आपण सगळे मार खातो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्या-नवी मुंबईत काहीच कोरडं राहत नाही. दोघींना महिन्याला सव्वा किलोच्या आसपास लागतं, तर छोटंच पाकीट घ्या, ऑफर आहे म्हणून पाच किलो उचलू नका. आणल्यावर चार-पाच घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटा, एक बाहेर, बाकीचे फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतून घाम धरतो. कुबट वास आला, पोरकिडे दिसले, पेलेट्स एकमेकांना चिकटले तर सगळं टाका, चाळून वाळवून देऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन गिनीपिगच्या लिव्हरला फार लवकर भिडतं आणि ते उन्हात वाळवून जात नाही.

शेवटचं, दोघींचं माप वेगळं झालं म्हणून त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात ठेवू नका. बरोबर वाढलेल्या असतात, एक दिसेनाशी झाली की दुसरी खाणं सोडते. फक्त पेलेट्सच्या वेळी मध्ये जाळी लावा, भुरीच्या बाजूला भिजवलेलं, चिंगीच्या बाजूला एक चमचा आणि भरपूर गवत, अर्धा तास, मग जाळी काढा. चिंगी जाळीला नाक लावून बसेल, हट्ट करेल, शिट्ट्या मारेल, तेव्हा तिला ढोबळी मिरचीचा तुकडा द्या आणि भुरीला तिचं खाणं निवांत संपवू द्या. दाढा दाखवून झालं की एक्स-रे आणि वजनाचे आकडे कळवा, मग भुरीचं रोजचं माप नेमकं ठरवता येईल.